प्रसाधनांतील खनिज क्षार : ओळखावेत कसे, निवडावेत कसे, वापरावेत कसे

प्रसाधनाच्या वेष्टनावर ‘मृत समुद्रातील क्षार’, ‘गुलाबी सैंधव’ किंवा ‘मॅग्नेशियमयुक्त’ अशी मोठी अक्षरे दिसली, की नवख्या ग्राहकाचे लक्ष साहजिकच तिकडे जाते. मात्र त्या डबीत खरोखर राबणारे बहुतेक क्षार मागच्या बाजूला, घटकांच्या यादीच्या शेवटच्या ओळींत बारीक अक्षरांत असतात आणि त्यांची जाहिरात कोणीही करत नाही. शाम्पूला दाटपणा आणणारा, क्रीममधील पाणी आणि तेल वेगळे होऊ न देणारा, बुरशी रोखणारा, त्वचेत ओलावा धरून ठेवणारा असा प्रत्येक क्षार आपापले ठरलेले काम करतो. ते काम त्याच्या प्रमाणावर आणि सोबतच्या घटकांवर अवलंबून असते, तो कोणत्या समुद्रातून किंवा खाणीतून आला यावर फारच थोडे. प्रसाधने निवडताना आणि वापरताना हे क्षार ओळखता यावेत, यासाठी पुढील पायऱ्या दिल्या आहेत. त्या क्रमाने वाचल्या तर अधिक सोप्या वाटतील.

पहिली पायरी : क्षार कोणता आणि क्षार नसलेले काय, हे वेगळे करावे

क्षाराचे दोन भाग असतात. एकावर धन विद्युतभार असतो, दुसऱ्यावर ऋण. पाण्यात विरघळल्यावर हे भाग सुटे होतात आणि त्यांना आयन म्हणतात. घटकांच्या यादीतील नावही बहुधा असेच दुहेरी असते. पहिला शब्द सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, झिंक किंवा अॅल्युमिनियम यांपैकी एखाद्या धातूचा असतो आणि दुसरा शब्द क्लोराइड, सल्फेट, सिट्रेट, लॅक्टेट, बेंझोएट, फॉस्फेट, ग्लुकोनेट असा काहीतरी असतो. एवढी खूण लक्षात ठेवली, तरी यादीतील बरेचसे क्षार सापडतात.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. सनस्क्रीनमधील झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड, तसेच रंगप्रसाधनांतील लोहाची ऑक्साइडे ही खनिजे आहेत, पण ती पाण्यात विरघळून आयन देणारे क्षार नव्हेत. ती त्वचेच्या पृष्ठभागावर बारीक कणांच्या रूपात बसतात, म्हणून त्यांना या लेखातील नियम लागू पडत नाहीत. उलट सोडियम लॉरिल सल्फेट किंवा सोडियम हायलुरोनेट ही नावे प्रयोगशाळेत घडवलेल्या रसायनांची वाटतात, तरी रचनेने तेही क्षारच आहेत. साधा साबण हासुद्धा स्निग्धाम्लांचा क्षार होय. सोडियम असेल तर घट्ट वडी बनते, पोटॅशियम असेल तर मऊ किंवा द्रव साबण मिळतो.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते. ‘सल्फेटमुक्त’ प्रसाधने शोधणारे अनेकजण फाउंडेशनच्या यादीत मॅग्नेशियम सल्फेट दिसताच ते परत ठेवून देतात. ही भीती अस्थानी आहे. शाम्पूतील ज्या सल्फेटांमुळे त्वचा कोरडी पडण्याची तक्रार होते, त्यांच्या एका टोकाला तेल ओढून घेणारी लांब कार्बनी साखळी असते आणि त्वचेवरचे तेल निघून जाते ते तिच्यामुळे. मॅग्नेशियम सल्फेटला अशी साखळीच नाही, त्यामुळे ते फेसही आणत नाही आणि तेलही काढत नाही.

दुसरी पायरी : यादीतील स्थानावरून प्रमाणाचा अंदाज घ्यावा

युरोपीय संघ, अमेरिका आणि इतरही अनेक ठिकाणी घटक उतरत्या प्रमाणात छापण्याचा नियम आहे. जो घटक सर्वांत जास्त तो सर्वांत आधी. मात्र १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा असते आणि उत्पादक तिचा पुरेपूर लाभ घेतात. आकर्षक नावाचा ०.०१ टक्का क्षार ०.८ टक्के असलेल्या परिरक्षकाच्या, म्हणजे प्रसाधन खराब होऊ न देणाऱ्या घटकाच्या, आधी छापला, तरी त्यात नियमभंग होत नाही.

मग ही १ टक्क्याची रेषा ओळखायची कशी? फिनॉक्सीइथेनॉल हे बऱ्याच क्रीममध्ये असणारे परिरक्षक येथे कामी येते. युरोपीय नियमांनुसार त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. त्यामुळे त्या नियमांनुसार बनलेल्या प्रसाधनात, रंगद्रव्ये सोडल्यास, यादीमध्ये त्याच्यानंतर येणारा कोणताही घटक १ टक्क्यापेक्षा जास्त असू शकत नाही. समुद्री क्षार काही याद्यांत ‘मॅरिस सॅल’ या नावाने छापलेला असतो. तो फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे दिसला, तर वेष्टनावरचे समुद्राचे चित्र हे केवळ चित्र आहे असे समजावे. म्हणून ते क्रीम वाईट ठरत नाही. जास्त पैसे मात्र त्या चित्रासाठी मोजू नयेत, इतकेच.

तिसरी पायरी : प्रत्येक क्षाराचे काम ओळखावे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून येथे थोडे थांबावे.

शाम्पू आणि अंग धुण्याच्या द्रवात सोडियम क्लोराइड, म्हणजे साधे मीठ, दाटपणासाठी घालतात. फेस आणणारे रेणू पाण्यात एकत्र येऊन सूक्ष्म गोलके बनवतात. या रेणूंच्या टोकांवर सारखाच विद्युतभार असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. मिठाचे आयन हा भार झाकून टाकतात, त्यामुळे रेणू जवळ येतात, गोलके लांबत जातात आणि शेवटी धाग्यांच्या गुंत्यासारखी एकमेकांत अडकून द्रव दाट होतो. पण मीठ वाढवत नेले तर एका बिंदूनंतर दाटपणा पुन्हा उतरतो आणि द्रव पाण्यासारखा पातळ होतो. म्हणून शाम्पूत मीठ सामान्यतः एक-दोन टक्क्यांच्या आसपासच ठेवतात. घरी शाम्पू पातळ वाटला म्हणून त्यात चिमूटभर मीठ टाकण्याचा सल्ला फिरत असतो. तयार शाम्पूत ते आधीच मोजून घातलेले असते, त्यामुळे हा उपाय बहुधा उलटा पडतो. ‘मीठविरहित’ शाम्पूबद्दलही एवढेच म्हणता येईल, की लगेच धुऊन जाणाऱ्या द्रवातील अल्प मिठापेक्षा त्यात फेस आणणारा घटक कोणता आहे, ही बाब केसांच्या कोरडेपणासाठी अधिक महत्त्वाची असते.

मॅग्नेशियम सल्फेटची जागा वेगळी आहे. दाट क्रीम, सनस्क्रीन आणि फाउंडेशन यांच्या काही प्रकारांत पाण्याचे थेंब तेलात विखुरलेले असतात. त्यांतील लहान थेंबांतले पाणी हळूहळू मोठ्या थेंबांकडे सरकते आणि कालांतराने डबीच्या तळाशी पाणी सुटते. थेंबांत सुमारे अर्धा ते एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट किंवा सोडियम क्लोराइड असेल, तर लहान थेंब आकसू लागताच त्यातील क्षाराची तीव्रता वाढते आणि परासरणाच्या दाबामुळे पाणी बाहेर जाण्याला अटकाव होतो. त्वचेला हा क्षार थेट काही देत नाही. क्रीम महिनोन्महिने एकजीव राहते, हेच त्याचे योगदान आणि ते अजिबात लहान नाही.

ओलावा धरून ठेवणारे क्षार मात्र त्वचेशी थेट संबंधित आहेत. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात पाणी धरून ठेवणाऱ्या द्रव्यांचे एक नैसर्गिक मिश्रण असते. त्यात अमिनो आम्ले, युरिया, लॅक्टेट आणि पीसीए या नावाने ओळखले जाणारे द्रव्य असते. सोडियम लॅक्टेट आणि सोडियम पीसीए हे याच कुळातले क्षार असल्याने मॉइश्चरायझरमध्ये त्यांचा वापर तर्काला धरून आहे. हायलुरोनिक आम्लाची जाहिरात करणाऱ्या बहुतेक सिरमच्या यादीत प्रत्यक्षात सोडियम हायलुरोनेट असते. ती फसवणूक नव्हे, कारण त्या आम्लाचे अधिक स्थिर आणि वापरायला सोपे रूप म्हणजे हा क्षारच. कोरड्या त्वचेसाठी मॉइश्चरायझर शोधणाऱ्याने ही तीन नावे यादीत पाहावीत. समुद्री क्षारापेक्षा त्यांच्याकडून अधिक अपेक्षा ठेवता येते.

परिरक्षक म्हणून सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही जोडी सर्रास दिसते. या दोन्ही क्षारांची गंमत अशी, की सूक्ष्मजंतूंना रोखण्याचे काम क्षार स्वतः करत नाही, त्यापासून तयार होणारे आम्ल करते. त्यामुळे ते प्रसाधनाच्या सामूवर, म्हणजेच पीएचवर, पूर्णपणे अवलंबून असतात. सामू ५ असेल तर बेंझोएटचा सुमारे १४ टक्के भाग आम्लरूपात असतो. सामू ६ झाला की तो २ टक्क्यांच्याही खाली येतो आणि परिरक्षक नावापुरतेच उरते. घरी टोनर किंवा लोशन बनवणाऱ्यांनी हे आकडे विशेष लक्षात ठेवावेत. सामू न मोजता केवळ सोडियम बेंझोएट घातल्याने मिश्रण सुरक्षित होत नाही.

सोडियम सिट्रेट सामू स्थिर ठेवते. डायसोडियम ईडीटीए आणि सोडियम फायटेट पाण्यातील धातूंचे आयन धरून ठेवतात, त्यामुळे क्रीमचा रंग आणि वास लवकर बिघडत नाही. मॅग्नेशियम आणि सोडियम यांचे अॅस्कॉर्बिल फॉस्फेट ही जीवनसत्त्व ‘क’ची क्षाररूपे असून ती शुद्ध रूपापेक्षा हवेत अधिक टिकतात. झिंक पीसीए आणि झिंक ग्लुकोनेट तेलकट त्वचेसाठीच्या प्रसाधनांत असतात. कोंड्यासाठीच्या शाम्पूतील झिंक पायरिथिऑन वर्षानुवर्षे वापरात असले, तरी प्रजननावरील संभाव्य परिणामांमुळे झालेल्या वर्गीकरणानंतर युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. इतर अनेक देशांत ते अद्याप चालते. परदेशातून शाम्पू मागवणाऱ्याला एकाच नावाच्या बाटलीत वेगळा घटक दिसतो, त्यामागे हे एक कारण असू शकते.

केस काढण्याच्या क्रीममधील कॅल्शियम किंवा पोटॅशियम थायोग्लायकोलेट हाही क्षारच आहे, पण सौम्य मुळीच नव्हे. हे क्रीम तीव्र अल्कधर्मी असते, केसातील प्रथिनांचे बंध तोडते आणि जास्त वेळ राहिले तर त्वचेतील प्रथिनांवरही तोच परिणाम करते. वेष्टनावर लिहिलेली मिनिटे घड्याळ लावूनच पाळावीत.

चौथी पायरी : अॅल्युमिनियमचे क्षार आणि तुरटी यांचा वापर समजून घ्यावा

दुर्गंधनाशक आणि घामरोधक ही दोन वेगळी उत्पादने आहेत. दुर्गंधनाशक वास कमी करते किंवा झाकते, घामरोधक घामच कमी करते आणि त्यासाठी अॅल्युमिनियमचे क्षार लागतात. अॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेटसारखा क्षार घामाच्या नलिकेच्या तोंडाशी पोचला, की तेथील पाणी आणि प्रथिने यांच्याशी संयोग होऊन जेलसारखा बूच तयार होतो. तो काही काळाने त्वचेच्या पेशी झडताना आपोआप निघून जातो.

हे कार्य कळले, की वापराची रीतही आपसूक कळते. घाम वाहत असताना क्षार नलिकेत टिकत नाही, तो धुऊन जातो. म्हणून घामरोधक रात्री झोपण्यापूर्वी, पूर्ण कोरड्या त्वचेवर, पातळ थरात लावावे. सकाळच्या अंघोळीने त्याचा परिणाम नाहीसा होत नाही. नुकतीच दाढी केलेल्या किंवा केस काढलेल्या त्वचेवर ते लावल्यास आग होते, तेव्हा निदान एक दिवस मध्ये जाऊ द्यावा. चुरचुर होत राहिली तर रोज न लावता एक दिवसाआड लावून पाहावे.

तुरटी म्हणजे पोटॅशियम अॅल्युमिनियम सल्फेट. ती स्तंभक आहे, म्हणजे पृष्ठभागावरील प्रथिने घट्ट करून बारीक रक्तस्राव थांबवते. त्यामुळे दाढीनंतर तिचा खडा ओला करून फिरवण्याला अर्थ आहे, मात्र नंतर चेहरा पाण्याने धुऊन मॉइश्चरायझर लावावे, नाहीतर त्वचा ओढल्यासारखी वाटते. तुरटीचे खडे ‘नैसर्गिक, अॅल्युमिनियमविरहित दुर्गंधनाशक’ म्हणून विकले जातात, तेव्हा मात्र नावातच असलेल्या धातूला नाकारण्याचा तो प्रकार होतो. तिच्यातील अॅल्युमिनियम घामरोधकांतील क्षारांपेक्षा वेगळ्या प्रकारे वागते हे खरे, पण ते तेथे नाही असे म्हणणे खोटे आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न येथे हमखास निघतो. २०२० साली युरोपीय संघाच्या ग्राहक सुरक्षाविषयक वैज्ञानिक समितीने फवारा नसलेल्या दुर्गंधनाशकांत आणि घामरोधकांत ६.२५ टक्क्यांपर्यंत आणि फवाऱ्यांत १०.६० टक्क्यांपर्यंत अॅल्युमिनियम सुरक्षित असल्याचे मत दिले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच घामरोधक वापरावे, कारण शरीरातील अॅल्युमिनियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडच करते. अमेरिकेत तशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे.

पाचवी पायरी : स्नानाचे क्षार मोजून वापरावेत

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार मिळतात. समुद्री मीठ आणि सैंधव हे मुख्यत्वे सोडियम क्लोराइड. गुलाबी सैंधवाचा रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो आणि त्यातील इतर खनिजांचे प्रमाण अत्यल्प असते. एप्सम सॉल्ट म्हणजे पाण्याचे सात रेणू धारण करणारे मॅग्नेशियम सल्फेट, ज्याला १७व्या शतकात प्रसिद्धीस आलेल्या इंग्लंडमधील एप्सम येथील झऱ्याचे नाव मिळाले. तिसरा प्रकार मृत समुद्राचा. सामान्य समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात आणि त्यांचा ८५ टक्के भाग सोडियम व क्लोराइड यांचा असतो. मृत समुद्रात क्षारांचे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यात सोडियम क्लोराइडपेक्षा मॅग्नेशियम क्लोराइड जास्त आहे. म्हणजे येथे उगमस्थानाला थोडा अर्थ आहे, कारण क्षारांची रचनाच निराळी आहे.

या रचनेचा त्वचेवर परिणाम होतो का? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इसबाची प्रवृत्ती असलेल्या कोरड्या त्वचेच्या व्यक्तींनी एक हात मृत समुद्राच्या क्षाराच्या ५ टक्के द्रावणात आणि दुसरा नळाच्या पाण्यात १५ मिनिटे बुडवला. क्षाराच्या द्रावणातील हाताची त्वचा अधिक ओलसर राहिली, तिचा संरक्षक थर सुधारला आणि लाली कमी झाली. सोरायसिससाठीही क्षारस्नान आणि त्यासोबत अतिनील किरणांचे उपचार वैद्यकीय देखरेखीखाली दिले जातात.

पण येथेच गणित करावे. १०० लिटर पाण्याच्या टबात ५ टक्के द्रावण बनवायचे तर सुमारे ५ किलो क्षार लागतो. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे दोन मुठी, म्हणजे समजा २०० ग्रॅम, टाकले तर द्रावण होते ०.२ टक्के, प्रयोगातील तीव्रतेच्या पंचविसाव्या हिश्शाएवढे. अशा स्नानाने आराम वाटतो, तो मुख्यतः कोमट पाण्याचा आणि विश्रांतीचा असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला उपचार म्हणू नये. ‘शरीरातील विषद्रव्ये ओढून काढतो’ हा दावा तर सरळ बाजूला ठेवावा, कारण ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. स्नानातून त्वचेवाटे शरीराची मॅग्नेशियमची कमतरता भरून निघते, यालाही भक्कम पुरावा नाही.

प्रत्यक्ष कृती अशी करावी. पाणी ३६ ते ३८ अंश सेल्सिअस तापमानाचे, म्हणजे अंगाला कोमट लागेल असे घ्यावे, कारण फार गरम पाणी त्वचेतील तेल अधिक काढते आणि मग क्षाराचा दोष नसताना त्याला बोल लागतो. क्षार आधी पूर्ण विरघळवावा, तळाशी खडे राहू देऊ नयेत. १५ ते २० मिनिटांपेक्षा अधिक वेळ बसू नये. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंग धुवावे, कारण पाणी उडून गेल्यावर त्वचेवर राहिलेले स्फटिक ओलावा शोषतात आणि खाजही आणतात. टॉवेलने घासू नये, टिपावे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. टब नसेल तर केवळ पाय बुडवण्यापुरते भांडे घेतले तरी चालते, आणि तीव्रता साधायची असेल तर तेच शहाणपणाचे, कारण ५ लिटर पाण्याला २५० ग्रॅम क्षार पुरतो.

उघडी जखम, चिघळलेले इसब, ताजे भाजलेले किंवा नुकतेच केस काढलेले अंग यांवर क्षारस्नान नको. हृदयविकार, मूत्रपिंडविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांशी बोलावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी गरम पाण्यात पाय बुडवून बसणे टाळावेच. त्यांना पाणी किती तापले आहे हे कळत नाही आणि त्वचा मऊ पडून भेगा गेल्या तर त्या लवकर भरत नाहीत.

सहावी पायरी : क्षाराचा स्क्रब फक्त अंगासाठी ठेवावा

क्षाराच्या कणांना कडा असतात. कोपर, टाचा, गुडघे येथील जाड त्वचा ते सहन करते, चेहऱ्याची करत नाही. मुरुमांवर क्षाराचा स्क्रब घासणे हा तर दाह वाढवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. बारीक दाण्याचा क्षार दोन भाग आणि कोणतेही सौम्य वास नसलेले तेल एक भाग, असे वजनाने घेऊन कोरड्या भांड्यात मिसळावे. ओल्या त्वचेवर हलक्या हाताने अर्धा-एक मिनिट फिरवून धुऊन टाकावे. आठवड्यातून एकदा पुरे. डब्यात ओला हात घालू नये, कोरड्या चमच्याने हवे तेवढेच बाहेर काढावे. डब्यात पाणी शिरले की कण विरघळून गोळा होतात आणि सूक्ष्मजंतूंना वाव मिळतो. तेलामुळे न्हाणीघराची फरशी निसरडी होते, ही गोष्ट किरकोळ वाटली तरी पडून होणारी इजा किरकोळ नसते.

सातवी पायरी : एकावर एक थर देताना क्षार कशाशी बिघडतो ते पाहावे

अनेक पारदर्शक जेल कार्बोमर नावाच्या घटकाने दाट केलेली असतात. त्याच्या लांब साखळीवरील सारखे विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात, साखळी फुगून पसरते आणि पाणी अडून राहते. क्षाराचे आयन हे भार झाकतात, साखळी आक्रसते आणि जेलचे पाणी होते. घामाने भिजलेल्या त्वचेवर काही जेल क्षणात पातळ होतात, त्याचे कारण घामातील मीठ. तेव्हा मॅग्नेशियमचा फवारा, समुद्री मिठाचा केसांचा फवारा किंवा खनिजजलाचा फवारा अशा जेलमध्ये मिसळू नये. आधी फवारा मारून तो टिपून घ्यावा, वाळू द्यावा आणि मग जेल लावावे. घरी जेल बनवायचे आणि त्यात क्षारही हवा असेल, तर झँथन गम हा क्षार बराच अधिक सहन करणारा पर्याय आहे.

खनिजजलाच्या फवाऱ्याबद्दल एक सूचना पुरेशी आहे. तो चेहऱ्यावर तसाच वाळू देऊ नये. अर्ध्या मिनिटात टिपावा आणि वर मॉइश्चरायझर लावावे, अन्यथा उडून जाणाऱ्या पाण्यामागे त्वचा आधीपेक्षा कोरडी भासते.

आठवी पायरी : घरच्या पाण्यातील क्षारही हिशेबात धरावेत

प्रसाधनातील क्षारांचा विचार करणारे लोक नळातून येणाऱ्या क्षारांचा विचार क्वचितच करतात. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका बनवतात. तो बादलीच्या कडेला दिसतो तसाच त्वचेवर आणि केसांवरही बसतो, फेस कमी येतो म्हणून साबण जास्त वापरला जातो आणि कोरडेपणा वाढतो. साधा साबण अल्कधर्मी, सामू ९ ते १० असतो, तर त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. त्यामुळे जड पाण्याच्या भागात साबणाऐवजी साका न करणारी, सौम्य आम्लधर्मी प्रक्षालके वापरणे हा पहिला आणि स्वस्त उपाय. डायसोडियम ईडीटीए किंवा सोडियम फायटेट असलेला शाम्पूही अशा पाण्यात उपयोगी पडतो.

पाणी मऊ करणारे यंत्र बसवल्याने इसब बरे होईल, अशा आशेने मोठा खर्च करण्यापूर्वी मात्र एक गोष्ट जाणून घ्यावी. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या ३३६ मुलांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत असे यंत्र बसवल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ झाल्याचे वस्तुनिष्ठ मोजमापात दिसले नाही.

नववी पायरी : नवे उत्पादन आधी तपासावे, मग साठवावे

चेहऱ्यावर किंवा अंगभर राहणारे नवे उत्पादन दंडाच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सुमारे आठवडाभर लावून पाहावे. एकाच वेळी दोन नवी उत्पादने सुरू करू नयेत, नाहीतर दोषी कोण ते कळत नाही. क्षार असलेले प्रसाधन लावल्यावर काही सेकंद चुरचुरले, तर त्वचेच्या संरक्षक थराला कोठेतरी बारीक इजा आहे असे समजून दोन-तीन दिवस थांबावे आणि साधे मॉइश्चरायझर लावत राहावे. मात्र लाली तासाभरानंतरही टिकली, पुरळ उठले, सूज आली किंवा त्वचा ओलसर होऊन पाझरू लागली, तर उत्पादन धुऊन टाकून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. जाताना वेष्टन सोबत न्यावे, कारण घटकांची यादी त्यांना तुमच्या वर्णनापेक्षा अधिक सांगते.

साठवणीत प्रत्येक क्षाराचा स्वभाव निराळा असतो. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील ओलावा ओढून घेते, म्हणून मृत समुद्राचा क्षार उघडा राहिला की चिकट आणि शेवटी पाणीदार होतो. एप्सम सॉल्ट उलट कोरड्या उष्ण हवेत स्वतःतील पाणी सोडते आणि त्याचे चमकदार स्फटिक पांढऱ्या भुकटीसारखे दिसू लागतात. दोन्ही बदलांनी क्षार निकामी होत नाही, पण वजन बदलल्याने मोजमाप चुकते. दोन्ही क्षार घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावेत. धातूचे झाकण टाळावे, कारण क्लोराइडयुक्त क्षार ओलाव्यात धातू गंजवतात. याच कारणाने स्नानानंतर टबाचे नळ आणि धातूचे भाग साध्या पाण्याने धुऊन पुसून ठेवावेत.